खिशातील रुग्णनोंदी आणि वैद्याचे दायित्व

आमच्या गुरुजींच्या दवाखान्यात एक जुने शिसवी कपाट होते. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनच्या रुग्णनोंदींची बाडे त्यात लाल फडक्यात बांधून ठेवलेली असत. कोणाला कोणता काढा लागू पडला, कोणत्या घराण्यात क्षयाची परंपरा आहे, कोणाच्या सुनेला तिसऱ्यांदा गर्भस्राव झाला, हे सारे त्या बाडांत होते. कपाटाची किल्ली गुरुजींच्या कनवटीला असे. झाडलोट करणाऱ्यापासून औषधे कुटणाऱ्यापर्यंत पाचसात माणसे दवाखान्यात वावरत; परंतु त्या कपाटाला दुसऱ्या कोणाचा हात लागल्याचे आम्ही कधी पाहिले नाही.

आज आपणांपैकी बहुतेकांच्या दवाखान्यांतील ते कपाट गेले आहे. नोंदी संगणकावर आल्या आणि संगणकावरून त्या पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एक्स्टर्नल हार्ड डिस्क अशा फिरत्या साधनांत उतरल्या. २००० साली पेनड्राइव्ह प्रथम बाजारात आला तेव्हा त्यात ८ एमबी माहिती मावत असे. आज साध्या दुकानात मिळणारा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह त्याच्या सुमारे आठ हजारपट माहिती सामावून घेतो. वैद्याच्या उभ्या आयुष्यातील रुग्णनोंदी, औषधांचे पाठ, देण्याघेण्याचे हिशेब, कर्मचाऱ्यांचे कागदपत्र, सर्व काही बोटाच्या दोन पेरांएवढ्या वस्तूत राहू शकते. गुरुजींचे कपाट उचलून न्यावयाचे तर चार माणसे आणि एक बैलगाडी लागली असती. पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशातून पडला तर त्याचा आवाजही होत नाही.

या साधनांतील माहितीचे रक्षण कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, आपल्यासारखेच नाडी पाहणारे आणि औषध देणारे आहोत. आमच्या हातून एक चूक घडली, त्या निमित्ताने जे शिकावे लागले, ते वैद्यबंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडत आहोत.

आमच्या हातून घडलेली चूक

डिसेंबर २०१८ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका चर्चासत्रात वंध्यत्व-चिकित्सेतील अनुभवांवर आम्हांस निबंध वाचावयाचा होता. आदल्या सायंकाळी निबंधाच्या प्रती काढण्यासाठी सभागृहाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. प्रती घेतल्या, पैसे दिले आणि पेनड्राइव्ह दुकानातील संगणकाला तसाच लावलेला राहिला. रात्री मुक्कामावर पिशवी उघडली तेव्हा चूक ध्यानात आली. तोवर दुकान बंद झाले होते.

त्या पेनड्राइव्हमध्ये केवळ निबंध असता तर आम्ही स्वस्थ झोपलो असतो. परंतु निघताना घाई झाली होती आणि ऐनवेळी काही लागले तर जवळ असावे, म्हणून दवाखान्यातील संगणकावरचा अख्खा फोल्डर आम्ही उतरवून घेतला होता. निबंधात घेतलेल्या चौदा दांपत्यांची नावे, गावे, फोन नंबर, वीर्यपरीक्षणाचे अहवाल आणि सोनोग्राफीची चित्रे त्यात होती. त्याखेरीज सहा वर्षांतील सर्व रुग्णांची यादी, औषधविक्रीचा हिशेब आणि गुरुजींनी विश्वासाने दिलेले दोन तेलांचे पाठही होते. यांपैकी कशालाही कुलूप नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वीच आम्ही दारात जाऊन उभे राहिलो. दुकानातील मुलाने हसत पेनड्राइव्ह हाती ठेवला आणि म्हणाला, "रात्रीच दिसला, सर. कोणाचा ते कळंना, म्हणून उघडून बघितला. तुमच्या दवाखान्याचं नाव दिसलं. माझी मावशी तुमच्याच गावची की!"

आम्ही त्याचे मनापासून आभार मानले. बक्षीस देऊ केले, ते त्याने घेतले नाही. निबंधवाचन पार पडले, प्रश्नोत्तरेही चांगली झाली. परतीच्या एस. टी.त बसल्यावर मात्र त्या मुलाचे शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले. निबंधातील चौदा दांपत्यांपैकी तीन दांपत्ये आमच्याच गावची होती.

मुलगा प्रामाणिक होता याविषयी आम्हांस तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्याने काय उघडले, किती वाचले, हे आम्ही विचारले नाही. विचारले असते, तरी उत्तर पडताळून पाहण्याचा मार्ग नव्हता. वस्तू परत मिळाली. रुग्णांची गुप्तता शाबूत राहिली की नाही, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

आठ दिवस विचार केल्यानंतर त्या तिन्ही दांपत्यांना जे घडले ते सांगावयाचे ठरविले. दोघांनी फारसे मनावर घेतले नाही. तिसऱ्या घरचे गृहस्थ बराच वेळ खाली पाहत बसले. दोष त्यांच्या अहवालात होता आणि ती गोष्ट त्यांनी आपल्या आईवडिलांनाही सांगितलेली नव्हती. अखेरीस त्यांनी एवढेच विचारले, "त्या पोरानं वाचलं का, डॉक्टर?" आम्हांस "सांगता येत नाही" यापलीकडे उत्तर देता आले नाही. त्यांनी आमची चिकित्सा सोडली नाही. परंतु पुढील भेटीत आम्ही केसपेपर पुढे ओढला तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ह्यांचं नाव नका लिहू आता." तेव्हापासून त्या दांपत्याच्या कागदावर केवळ क्रमांक आहे. क्रमांक आणि नाव यांचा मेळ असलेली वही आमच्या घरी कुलपात असते.

शास्त्राचा आदेश आणि कायद्याचा दंडक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययनास आरंभ करणाऱ्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, तो आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर प्रकट करू नयेत, असा स्पष्ट आदेश त्यात आहे. हा आदेश वैद्याला उद्देशून आहे, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. माहिती ज्याच्या हाती पडली तो सज्जन निघाला, यामुळे वैद्याचे कर्तव्य पार पडत नाही. ती माहिती इतरांना उघडता येईल अशा स्थितीत आपल्या हातून बाहेर गेली, तेथेच आदेशाचा भंग झाला. आम्ही मुखाने कोणाचे गुपित फोडले नव्हते. परंतु आमच्या खिशाने ते फोडले असे म्हणावे लागेल.

कायदाही आता याच दिशेने चालला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला. त्यात २००८ साली दुरुस्ती होऊन संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्याकडून नुकसानभरपाईची तरतूद आली. त्याखालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांचा समावेश संवेदनशील माहितीत केला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना त्यांतच दिली आहे. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. ही कमाल मर्यादा आहे, लहान दवाखान्यास एवढा दंड होईल असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. माहितीचा भंग झाल्यास मंडळास आणि संबंधित प्रत्येक व्यक्तीस कळविण्याचे बंधनही त्यात आहे. आम्ही तिघांना सांगितले आणि उरलेल्या अकरा दांपत्यांना सांगितले नाही. ती दूरच्या गावची आहेत, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. आजच्या कायद्याच्या दृष्टीने ती समजूत अपुरी आहे, आणि खरे पाहता तेव्हाही ती अपुरीच होती.

हेतुविचार

आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर या व्याधीचे प्रमुख हेतू चार आहेत.

पहिला हेतू म्हणजे साधन हरवणे वा चोरीस जाणे. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका खासगी त्वचारोग चिकित्सालयाच्या कर्मचाऱ्याच्या मोटारीतून पेनड्राइव्ह चोरीस गेला. त्यात सुमारे २,२०० रुग्णांची माहिती होती आणि ती कुलूपबंद नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये त्या चिकित्सालयास दीड लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. ते कोणतेही प्रचंड रुग्णालय नव्हते, आपल्यासारखाच व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची ती संस्था होती. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये महसूल विभागाने टपालाने पाठविलेल्या दोन सीडी गहाळ झाल्या. त्यांत अडीच कोटी नागरिकांची माहिती होती. सीडींना पासवर्ड होता, पण आतील माहिती कूटबद्ध केलेली नव्हती. हा भेद महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा हेतू परक्या संगणकाचा संसर्ग. झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे, चर्चासत्रातील सभागृहाचा संगणक, औषध प्रतिनिधीचा लॅपटॉप, या ठिकाणी दिवसभरात कितीतरी पेनड्राइव्ह लागतात. एकाच्या अंगावरील खरूज दुसऱ्यास लागावी, तसे विषाणू एका पेनड्राइव्हमधून संगणकात आणि संगणकातून दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये जातात. फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर हा विषाणू याच मार्गानेही फिरत होता. पेनड्राइव्ह लावताक्षणी त्यातील प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची विंडोजमधील सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांतूनही काढून घेतली, त्यामुळे हा मार्ग काहीसा अरुंद झाला. तथापि तो बंद झालेला नाही.

तिसरा हेतू साधन निकामी होणे. पेनड्राइव्हमध्ये माहिती सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते. वर्षानुवर्षे साधन वापराविना पडून राहिले, विशेषतः उष्ण जागी, तर तो भार हळूहळू क्षीण होतो. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात, चालू असताना ती टेबलावरून पडली तर बहुधा कामातून जाते. लिहिणे चालू असता पेनड्राइव्ह ओढून काढल्यानेही आतील रचना बिघडते. ज्यांनी दहा वर्षांचे हिशेब एकाच पेनड्राइव्हमध्ये ठेवून संगणकावरून काढून टाकले, त्यांनी आपली दप्तरे वाळवीच्या तोंडी दिली असे समजावे.

चौथा हेतू जुने साधन देऊन टाकणे. "डिलीट केले आहे" या भरवशावर आपण जुना पेनड्राइव्ह मुलांना गाणी भरण्यासाठी देतो, वा बिघडलेली हार्ड डिस्क दुरुस्तीच्या दुकानात टाकून येतो. डिलीट केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद पुसली जाते, पाने तशीच राहतात. क्विक फॉरमॅटने देखील तेवढेच होते. सहज मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ती पाने पुन्हा वाचता येतात.

चिकित्सा: प्रथम निदानपरिवर्जन

हेतू टाळणे ही कोणत्याही व्याधीची पहिली चिकित्सा. तेव्हा जे बाहेर नेण्याची आवश्यकता नाही, ते नेऊच नये. आम्ही अख्खा फोल्डर उतरवून घेतला नसता, तर त्या रात्री दुकानात चार पानांचा निबंध तेवढा राहिला असता.

निबंध, व्याख्यान वा विद्यार्थ्यांना दाखविण्याच्या रुग्णवृत्तांतून नाव, गाव, फोन नंबर आणि जन्मतारीख काढून टाकावी. वय आणि लिंग पुरते. चेहऱ्याचे छायाचित्र रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. सोनोग्राफी आणि क्ष-किरण चित्रांच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव छापलेले असते, ते कापावयाचे राहून जाते. तसेच फाइलच्या नावाकडेही पाहावे. आतील नाव काढले आणि फाइलला मात्र रुग्णाचेच आडनाव दिलेले, असे आमच्याच संगणकावर आम्हांस सापडले आहे.

झेरॉक्सच्या दुकानासाठी एक स्वतंत्र, लहान आणि एरवी रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा. ज्याची प्रत काढावयाची ती एकच फाइल, शक्यतो पीडीएफ करून, त्यात टाकावी आणि काम झाल्यावर ती काढून टाकावी. परत आल्यावर त्याची विषाणुतपासणी केल्याशिवाय दवाखान्याच्या संगणकात काही उघडू नये.

कूटबद्धीकरण: खरे कुलूप

फाइल उघडताना पासवर्ड विचारला जातो म्हणजे आतील माहिती सुरक्षित असते, असा समज आहे. तो सर्वत्र खरा नाही. दाराला कुलूप आणि खिडकी उघडी, अशी काही पासवर्डांची स्थिती असते. संगणकाच्या लॉगिनचा पासवर्ड हे याचे नेहमीचे उदाहरण होय. अशा संगणकातील हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास लावली की ती विनासायास वाचता येते. कूटबद्धीकरण याहून वेगळे आहे. त्यात माहितीचे एकेक अक्षर गणिती रीतीने बदलले जाते आणि योग्य परवलीचा शब्द दिल्याखेरीज ती निरर्थक अक्षरांची रास असते. मोडीचा वाचकच उरला नसेल तर बाड हाती येऊनही उपयोग नाही, तसाच हा प्रकार.

यासाठी फार खर्च येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर ही सोय असते. पेनड्राइव्ह लावून त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता ती चालू करण्याचा पर्याय दिसतो. होम आवृत्तीत असे कुलूप घालता येत नाही, मात्र घातलेले कुलूप परवलीचा शब्द देऊन उघडता येते. ज्यांच्याकडे प्रो आवृत्ती नाही, त्यांनी व्हेराक्रिप्ट हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरावा. पूर्वी अनेकजण ट्रूक्रिप्ट वापरीत, त्याचे काम २०१४ मध्ये थांबले असल्याने तो आता वापरू नये. एखादी फाइल चार्टर्ड अकाउंटंटकडे पाठवावयाची असेल, तर सेव्हन-झिप या विनामूल्य प्रोग्रॅमने पासवर्डसह गठ्ठा बांधता येतो. त्यात सेव्हन-झेड हा प्रकार निवडावा आणि फाइलींची नावेही झाकण्याच्या पर्यायावर खूण करावी. परवलीचा शब्द त्याच पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून पाठवू नये, फोनवर सांगावा.

परवलीचा शब्द लांब असावा. दवाखान्याचे नाव, फोन नंबर, मुलाची जन्मतारीख हे सारे वर्ज्य. जून २०२२ मध्ये जपानमधील अमागासाकी शहराच्या सर्व, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेनड्राइव्ह एका कंत्राटी कर्मचाऱ्याने मद्यपान करून रस्त्यात झोपी गेल्यावर हरविला. माहिती कूटबद्ध होती, म्हणून मोठा अनर्थ टळला, आणि पुढे पेनड्राइव्हही सापडला. परंतु पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी परवलीचा शब्द तेरा अक्षरी असल्याचे सांगून टाकले. शहराच्या नावाची रोमन अक्षरे नऊ आणि सालाचे अंक चार, असा हिशेब करून लोकांनी लगेच तर्क लढविण्यास आरंभ केला. चारपाच असंबद्ध शब्दांची माळ हा त्याहून उत्तम मार्ग आहे. आपल्या निघंटूतील वनस्पतींची नावे, मध्ये एखादा आकडा घालून, या कामी छान उपयोगी पडतात.

दोन सावधगिरीच्या सूचना. बिटलॉकर कुलूप घालताना ४८ अंकांची एक पुनःप्राप्ती किल्ली देतो. ती कागदावर छापून घरच्या कपाटात दागिन्यांशेजारी ठेवावी. परवलीचा शब्द आणि ही किल्ली दोन्ही गेली तर ती माहिती आपणांसही कायमची दुरावते, कोणीही दुरुस्त करणारा ती परत देऊ शकत नाही. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. कुलूपबंद पेनड्राइव्ह आपण परक्या संगणकावर उघडला की तो उघडा असेपर्यंत आतील सर्व माहिती त्या संगणकालाही उघडी असते. म्हणून रुग्णनोंदींचा पेनड्राइव्ह परक्या संगणकावर उघडूच नये.

प्रतींचा विचार

कुलुपाने गुप्तता राखली जाते, माहिती टिकण्यासाठी प्रती लागतात. संगणकक्षेत्रात 'तीन-दोन-एक' असा एक साधा नियम प्रचलित आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी. दवाखान्यात पाणी शिरले, आग लागली वा चोरी झाली, तर दुसऱ्या जागेवरील प्रत उपयोगी पडते.

आम्ही दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतल्या आहेत. दोन्ही कूटबद्ध आहेत. एक दवाखान्यात, दुसरी घरी. दर शनिवारी सायंकाळी दवाखान्यातील डिस्कवर प्रत घेतो, ती घरी नेतो आणि सोमवारी घरची डिस्क दवाखान्यात येते. प्रत घेण्याची वीसेक मिनिटे सोडली तर डिस्क संगणकास जोडलेली नसते. याचे कारण असे की खंडणीखोर विषाणू संगणकात शिरला तर तो जोडलेल्या प्रत्येक साधनावरील माहिती निकामी करतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असा हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम कितीतरी दिवस कागदावर चालवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था झाली, तेथे आपला एक संगणक किती काळ तग धरणार?

प्रत घेतली म्हणजे ती आहे, असे समजू नये. दोन-तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरील चारदोन फाइली उघडून पाहाव्यात. आसव सिद्ध झाले की नाही हे आपण माठाचे तोंड उघडूनच पाहतो, संधानाची तारीख पाहून ठरवीत नाही.

औषधनिर्माण करणाऱ्या बंधूंना याचे महत्त्व अधिक आहे. शेड्यूल टी अन्वये बॅचनिहाय नोंदी ठेवणे त्यांना आवश्यक असते. त्या गेल्या तर तपासणीच्या वेळी दाखविण्यास काही उरत नाही. आणि स्वतःचा पाठ, कच्च्या मालाचे दर, विक्रेत्यांची यादी प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली तर व्यवसायाचे मूळच उघडे पडते.

पथ्यापथ्य

दवाखान्यातील प्रत्येक पेनड्राइव्हला क्रमांक द्यावा आणि एका वहीत तो कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी. साधनावर दवाखान्याचे नाव लिहू नये, 'सापडल्यास या क्रमांकावर कळवावे' एवढेच लिहावे. कर्मचारी नोकरी सोडून जाताना चाव्यांबरोबर पेनड्राइव्हही परत घ्यावा आणि त्यास ठाऊक असलेले परवलीचे शब्द त्याच दिवशी बदलावेत. यात अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही, औषधाच्या कपाटाची किल्ली आपण परत घेतोच.

सापडलेला, अनोळखी पेनड्राइव्ह संगणकास लावू नये. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून ठेवले होते, त्यांपैकी किमान ४५ टक्के पेनड्राइव्हमधील फाइली लोकांनी उघडून पाहिल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. झेरॉक्सच्या दुकानातील त्या मुलाने जे केले, ते कोणीही केले असते, हे यावरून लक्षात येईल. आपला पेनड्राइव्ह सापडणारा मनुष्य तो उघडणारच, असे गृहीत धरूनच आपण वागावे.

निकामी झालेला पेनड्राइव्ह भंगारात देऊ नये. आतील चिप फोडून मगच टाकावा. जे साधन आरंभापासून कूटबद्ध आहे, त्याच्याविषयी ही चिंता पुष्कळ कमी होते. म्हणून नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर त्यात काहीही भरण्यापूर्वी कुलूप घालावे.

मोबाईल फोन हेही फिरते भांडारच आहे. जिव्हापरीक्षण, त्वचेवरील मंडले, व्रण यांची छायाचित्रे आपण फोनवर काढतो आणि ती घरच्या समारंभांच्या छायाचित्रांशेजारी जाऊन बसतात. दवाखान्यासाठी स्वतंत्र फोन ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास त्या दिवशीची छायाचित्रे त्याच दिवशी संगणकावर घेऊन फोनमधून काढून टाकावीत.

समारोप

ही सर्व व्यवस्था बसविण्यास आम्हांस दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी दवाखान्यातील आणि घरातील सर्व खण उपसून पेनड्राइव्ह गोळा केले. ते अकरा निघाले. त्यांपैकी चारांमध्ये काय आहे हे आम्हांस आठवत नव्हते, आणि एकात २०१३ सालच्या रुग्णांची पूर्ण यादी होती. आमचा मुलगा तो शाळेच्या प्रकल्पासाठी वर्षभर शाळेत नेत होता.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच, की येत्या रविवारी आपणही आपले खण उपसून पाहावेत. आपल्या संघटनेच्या शाखांनी एखाद्या मासिक सभेत शास्त्रचर्चेनंतरचा एक तास या विषयासाठी द्यावा. शाखेत संगणकाची जाण असलेला एखादा तरुण वैद्य असतोच. त्याने सर्वांसमक्ष एका पेनड्राइव्हला कुलूप घालून आणि उघडून दाखविले, तरी ज्येष्ठांची भीती निम्मी कमी होईल. आमच्या शाखेत अशी सभा झाली, तेव्हा सत्तरीच्या एका ज्येष्ठ वैद्यांनी सर्वांच्या आधी स्वतःचा पेनड्राइव्ह पुढे केला आणि तो कुलूपबंद करूनच ते घरी गेले.